हळदीच्या खटल्यात काय सिद्ध झालं?

हळदीच्या पेटंटची गोष्ट आपल्याकडे 'हळदीघाटीची लढाई' म्हणून सांगितली जाते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे, त्यामुळे मराठी माणसाला ही गोष्ट सांगताना जरा जास्तच चेव येतो. मलाही येतो.

पण त्या खटल्यात सिद्ध काय झालं? सीएसआयआरने बत्तीस संदर्भ जोडले होते. त्यात संस्कृत ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. प्रश्न एवढाच होता की हा वापर नवा आहे का. उत्तर आलं, नाही. हळद कशावर, किती आणि कशी चालते, हा प्रश्न त्या कार्यालयापुढे नव्हताच. आपण मात्र निकाल ऐकला तो 'अमेरिकेनेही मान्य केलं' असा.

दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास वेगळाच आहे. हळदीतला पिवळा पदार्थ फोगेल आणि पेलेतिए यांनी १८१५ मध्ये वेगळा केला. त्याची रचना कळायला १९१० उजाडलं. तोच कर्क्युमिन. पुढे १९५८ मध्ये मार्सडेन ब्लॉइस यांनी 'नेचर'मध्ये एक सुटसुटीत चाचणी मांडली. डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण घ्यायचं. हा एक टिकाऊ फ्री रॅडिकल. अर्कातल्या फिनॉलनी त्याला हायड्रोजन दिला की जांभळा रंग उडून पिवळट होतो. किती उडाला ते यंत्रावर मोजायचं, की झाला अर्क 'अँटिऑक्सिडंट'. स्वस्त, झटपट, हमखास. माझे फार्मसीला गेलेले मित्र प्रोजेक्टसाठी हेच करायचे: शेवगा, तुळस, गुळवेल, जे हाताला लागेल त्याचा अर्क. रंग बहुतेक वेळा उडायचाच, कारण फिनॉल नाहीत अशी वनस्पती शोधणंच अवघड.

आमच्या धंद्यात याला युनिट टेस्ट म्हणतात. ती पास झाली म्हणून कोणी कोड थेट बँकेच्या सर्व्हरवर चढवत नाही. काचेच्या नळीत ना आतडं असतं, ना यकृत. कर्क्युमिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, आणि शोषलेलंही शरीर पटकन बाहेर काढतं. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की हा रेणू अस्थिर आहे, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनाच चकवतो, आणि त्याची एकही डबल-ब्लाइंड, प्लासिबो-नियंत्रित चाचणी यशस्वी झालेली नाही. पुढच्या चाचण्यांवर वाद चालू आहेत, चालू राहोत. पण माझ्या आत्याने डॉक्टरांना न विचारता शुगरची गोळी अर्ध्यावर आणली आणि शेजारी हळदीच्या कॅप्सूलची बाटली ठेवली, ती काही या वादाचा निकाल लागायची वाट बघून नव्हे. बाटलीवर अँटिऑक्सिडंट लिहिलं होतं, तेवढं तिला पुरलं.

हा शब्द निरुपद्रवी वाटतो, म्हणून फिनलंडची चाचणी आठवावी. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग अठरा टक्के जास्त निघाला. तरीही २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता प्रसिद्ध केला. कंपन्यांनी त्यातले आकडे जाहिरातींत वापरले. २०१२ मध्ये खात्याने तो तक्ता संकेतस्थळावरून काढून टाकला. त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्यावरच्या परिणामांशी संबंध दिसत नाही, हे कारणही सांगितलं.