डिझेल मोटारीचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार होतो, वाड्याचा होतो, तळ्याचाही होतो. परंतु मोटारीचा जीर्णोद्धार म्हटला की ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते. त्यातून ती मोटार डिझेलवर चालणारी, सुरू होताना सारी आळी जागी करणारी असली, तर भंगारवाल्याला बोलवा हाच सल्ला मिळायचा. तरीही सुटीच्या दिवशी, घराच्या पडवीत, कोपरापर्यंत हात तेलाने माखून अशी मोटार पुन्हा चालती करू पाहणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांच्या खटाटोपास वेड म्हणण्यापूर्वी या यंत्राचा इतिहास थोडा आठवावा.

हे इंजिनच मुळी दुरुस्तीतून जन्मास आले आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला. कल्पना सोपी होती: हवा अतिशय दाबली की ती तापते, इतकी तापवावी की तीत इंधन सोडताच ते आपोआप पेटावे, ठिणगीची गरजच पडू नये. १८९३ च्या ऑगस्टमध्ये आउग्सबुर्ग येथील कारखान्यात पहिले इंजिन पेटविले, तेव्हा त्यावरील दाब मोजण्याचे उपकरण फुटून उडाले आणि डिझेल थोडक्यात बचावला. पुढची चार वर्षे खोलणे, बदलणे, पुन्हा जोडणे यांत गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्र्योटर यांनी अधिकृत चाचणी घेतली, तेव्हा इंधनातील उष्णतेचा सुमारे २६ टक्के भाग कामी आल्याचे दिसले. त्या काळच्या साध्या वाफेच्या यंत्राला दहावा हिस्सा साधणेही कठीण जाई.

पण ते यंत्र माणसाहून उंच आणि अवजड होते. ते कारखान्यांत आणि जहाजांवर स्थिरावले. मोटारीत मावण्यास आणखी चार दशके लागली. बॉश कंपनीने १९२७ साली इंधन सोडणारे आटोपशीर पंप मोठ्या संख्येने बनविण्यास प्रारंभ केला, तेव्हा वाट मोकळी झाली. १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल मोटार लोकांपुढे आली. हे पाहण्यास डिझेल स्वतः उरला नव्हता. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्री नाहीसा झाला होता.

आपल्याकडे डिझेल इंजिन प्रथम मोटारीतून नव्हे, तर मुख्यतः विहिरीच्या काठावरून घरोघरी परिचयाचे झाले. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली कुंडलच्या माळावर गेले. त्यांच्याच घराण्याने १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे ऑइल इंजिनांचा कारखाना उभारला. उसाला पाणी देता देता मिस्त्री आणि शेतकरी नोझल, पंप, पिस्टन ही नावे शिकले. म्हणून १९८० साली उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसडर डिझेलवर आणली, तेव्हा तिचे इंजिन खेड्यातील मिस्त्र्यालाही अगदी परके वाटण्याचे कारण नव्हते. १४८९ घनसेंटिमीटरचे ते इंजिन ताकदीने बेताचेच, अवघ्या ३७ अश्वशक्तीचे. पण डिझेल स्वस्त असल्यामुळे टॅक्सीवाल्यांनी ते उचलून धरले.

आज अशी एखादी गाडी घरी दुरुस्त करू जाणाऱ्याने प्रथम धुराकडे पाहावे. पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेले इंधन. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे इंजिनचे तेल जळते आहे. ठिणगी नसलेल्या यंत्राचा सारा जीव दाबात असतो. रिंगा झिजल्या की दाब सुटतो आणि थंडीच्या सकाळी गाडी रुसते. हीटर प्लग जळाले असले तरी तोच अनुभव येतो. पुष्कळदा दोष याहूनही लहान असतो. इंधनाच्या नळीत हवा शिरलेली असते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत ती बाहेर काढली की काम भागते. पंप आणि नोझल मात्र घरी उघडू नयेत. त्यांची फट केसाहून बारीक असते, आणि नोझलचा फवारा कातडीतून आत शिरू शकतो. ते काम यंत्रावर तपासणी करणाऱ्या दुकानाचे. आणि इंजिन धडधडू लागले म्हणून हुरळून जाऊ नये: ब्रेकचे रबर आणि गंजलेला तळपत्रा यांची डागडुजी आधी, रंग सर्वांत शेवटी. अँबॅसडरला वेगळी चौकट नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा.

हे सारे आता करण्याचे कारण काय? अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मनाईचा आदेश दिला. धुराने कोंडणारा श्वास पाहता त्या चिंतेस आधार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. उलट २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनास ‘व्हिंटेज’चा मान दिला. पहिली डिझेल अँबॅसडर त्या वयास २०३० साली पोहोचेल. म्हणजे टाकाऊ ठरणे आणि ठेवा ठरणे यांमध्ये पुष्कळ वर्षांचे अंतर पडते, आणि तेवढा काळ तिला कोणी तरी पडवीत जपावे लागते. सगळ्या जुन्या गाड्या रस्त्यावर फिराव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण काही थोड्या चालत्या राहाव्यात. कारण त्यांच्याबरोबर आवाजावरून दोष ओळखणारा कान आणि बोटांनी झीज मोजणारा हातही टिकतो. यंत्र संग्रहालयात ठेवता येते. हात ठेवता येत नाही. तो मुलाने बापाशेजारी, शिष्याने मिस्त्र्याशेजारी उकिडवे बसूनच उचलायचा असतो.