मनोधैर्य योजना

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिडहल्ला यांतील पीडितांना अर्थसाहाय्य, समुपदेशन व पुनर्वसन पुरविणारी महाराष्ट्र शासनाची योजना.

उगम : देसाईगंज (तत्कालीन चंद्रपूर जिल्हा) पोलीस ठाण्यातील १९७२ च्या अत्याचारप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन पोलिसांना निर्दोष ठरविले. त्याविरुद्धच्या आंदोलनांतून १९८३ ची फौजदारी कायदा दुरुस्ती घडली (पहा : स्त्रीमुक्ती चळवळ). पुढे पीडितांच्या पुनर्वसनासाठी ही योजना आली; ती २ ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहे.

वैशिष्ट्ये : प्रारंभी ३ लाख रुपये असलेली साहाय्याची कमाल मर्यादा २०१७ मध्ये १० लाख झाली. अंमलबजावणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकणसाठी ती पुण्याच्या प्राधिकरणाकडे आहे. पीडितेचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकारी तिच्या घरी किंवा तिने निवडलेल्या जागी, पालक, नातेवाईक वा समाजसेविकेच्या उपस्थितीत नोंदविते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार डॉक्टरांनी हकीकत तिच्याच शब्दांत लिहावयाची असून तिने तपासणी नाकारल्यास उपचार नाकारता येत नाहीत. प्रथमोपचार व उपचार शासकीय तसेच खासगी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात (पहा : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता).

महत्त्व : चाकण परिसरातील अनेक कामगार स्त्रिया परप्रांतीय, भाड्याच्या खोल्यांत व नातेवाइकांपासून दूर राहणाऱ्या आहेत. त्यामुळे स्वतःच्या भाषेत बोलता येणे आणि सोबत विश्वासाची व्यक्ती असणे येथे अत्यावश्यक ठरते. तक्रार हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. मदतीसाठी क्रमांक : ११२, १८१, बालकांसाठी १०९८.