लुईझियानाचा सौदा आणि हैतीचे ऋण

अमेरिकेचा आजचा दबदबा पाहता १७८५ सालची अमेरिका डोळ्यांसमोर आणणे कठीण जाते. ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहाने इंग्लंडने तिचे स्वातंत्र्य मान्य केले आणि मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूखही तिच्या पदरात पडला. पण तिजोरी रिकामी होती, फौज नावापुरती होती आणि आरमारातले शेवटचे जहाजही विकून टाकलेले होते. अल्जीयर्सने तिची व्यापारी जहाजे पकडली, तेव्हा खलाशांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या आणि १७९५ च्या तहात साडेसहा लाख डॉलरच्या घरात रक्कम मोजावी लागली. याउलट मोरोक्कोचे सुलतान मुहम्मद बिन अब्दुल्लाह यांनी १७७७ सालीच अमेरिकी जहाजांना आपली बंदरे खुली केली होती आणि १७८६ मध्ये मैत्रीचा तहही केला. आपल्याकडच्या पुस्तकांत ही गोष्ट क्वचितच येते, म्हणून नोंदवली.

या दुबळ्या राष्ट्राचा मुलूख १८०३ साली एका सौद्यात जवळजवळ दुप्पट झाला. त्याचे श्रेय बहुधा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्या मुत्सद्देगिरीला दिले जाते. माझ्या मते त्या श्रेयाचा मोठा वाटा दुसऱ्याच कुणाचा आहे.

मूळ प्रश्न न्यू ऑर्लिन्स या बंदराचा होता. ॲपलाशियन डोंगरांपलीकडे वसलेल्या शेतकऱ्यांचे धान्य, तंबाखू, खारवलेले मांस मिसिसिपीतूनच समुद्राकडे जाई, आणि नदीचे मुख स्पेनच्या ताब्यात होते. १७९५ च्या तहाने तेथे माल उतरवून ठेवण्याची सवलत मिळाली. पण १८०० मध्ये स्पेनने हा सारा लुईझियाना प्रांत गुप्त कराराने फ्रान्सला परत द्यायचे कबूल केले. १८०२ च्या ऑक्टोबरात ती सवलतही बंद झाली, तेव्हा पश्चिमेकडे युद्धाची भाषा सुरू झाली. जेफर्सन यांनी युद्ध टाळले. पॅरिसमध्ये वकील असलेल्या रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला त्यांनी जेम्स मन्रो यांना धाडले. मागणी होती ती फक्त न्यू ऑर्लिन्स आणि आसपासच्या किनाऱ्याची.

नेपोलियनचा बेत मात्र वेगळाच होता. कॅरिबियन समुद्रातले सां-दोमांग, म्हणजे आजचे हैती, ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत. सुमारे पाच लाख गुलामांच्या घामावर तेथली साखर आणि कॉफी पिकत होती. १७९१ मध्ये या गुलामांनी उठाव केला आणि गुलामगिरी मोडून काढली. ती वसाहत पुन्हा मुठीत घ्यायची आणि तिला लागणारे धान्य, लाकूड लुईझियानातून पुरवायचे, असा तो हिशेब होता. त्यासाठी मेहुणा लक्लेर्क याला मोठी फौज देऊन पाठवले. तुसॉं लुव्हेर्त्यूर या त्यांच्या नेत्याला दगाबाजीने पकडून फ्रान्समधल्या डोंगरी किल्ल्यात डांबले. तेथेच ७ एप्रिल १८०३ रोजी त्याचा अंत झाला. पण ग्वाडेलूप बेटावर गुलामगिरी पुन्हा लादल्याची बातमी आली आणि सां-दोमांग पेटून उठले. पीतज्वराने फ्रेंच सैनिकांचा फडशा पाडला. खुद्द लक्लेर्कही त्यातच गेला. साखरेचे बेट हातचे गेल्यावर लुईझियाना ठेवून करायचे काय? शिवाय इंग्लंडशी युद्ध उंबरठ्यावर होते आणि पैशाची निकड होती.

तुसॉंच्या मृत्यूला चार दिवस होतात न होतात, तोच ११ एप्रिलला परराष्ट्रमंत्री तालेरां यांनी लिव्हिंगस्टन यांना विचारले : सगळाच प्रांत घेता का? सौदा दीड कोटी डॉलरला ठरला. त्यातले सव्वाअकरा लाख दहापट, म्हणजे एक कोटी साडेबारा लाख डॉलर फ्रान्सला. उरलेले अमेरिकी नागरिकांचे फ्रान्सवरचे दावे मिटवण्यासाठी. मुलूख एकवीस लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. रोख्यांची व्यवस्था करणाऱ्यांत लंडनची बेअरिंग पेढी होती. म्हणजे इंग्रजांशी लढायला निघालेल्या नेपोलियनला पैसा इंग्रज सावकाराकडूनच मिळाला! असा प्रदेश विकत घेण्याचा स्पष्ट अधिकार राज्यघटनेत नव्हता. जेफर्सन यांनी घटनादुरुस्तीचा मसुदाही केला, मग संधी हुकेल म्हणून बाजूला ठेवला. सिनेटने २४ विरुद्ध ७ मतांनी तहाला संमती दिली.

त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ओसेज, सू आदी जमातींना कोणी विचारले नाही. कागदावर विकला गेलेला मुलूख पुढे त्यांच्याकडून तहांनी, दडपणाने आणि लढायांनी हिसकावून घेण्यात आला. खालच्या मिसिसिपीकाठी ऊस आणि कापूस पसरला आणि त्यांच्यासोबत गुलामगिरीही. नव्या प्रांतांत ती असावी की नसावी, या वादाने १८२० मध्ये देश ढवळून निघाला आणि १८६१ मध्ये यादवी पेटली.

हैती १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र झाले. ज्यांच्या लढ्यामुळे अमेरिकेला अर्धे खंड जवळजवळ फुकटात मिळाले, त्यांच्याशी व्यापार करण्यावर अमेरिकेने १८०६ मध्ये बंदी घातली. गुलाम बाळगणाऱ्यांना त्या उदाहरणाची धास्ती वाटत होती. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजे उभी करून मान्यतेच्या बदल्यात हैतीकडून पंधरा कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. अमेरिकेची मान्यता आली ती १८६२ मध्ये, लिंकन यांच्या कारकिर्दीत; दक्षिणेचे प्रतिनिधी काँग्रेसमधून निघून गेल्यावर.