चरबीची मुदत ठेव

बँकेतली मुदत ठेव मोडायला एक सही पुरते. पोटावरची मोडायला जन्म पुरत नाही. ती ठेवली कधी आणि कोणाच्या सहीने, याची नोंदही कुठे सापडत नाही. व्याज मात्र चक्रवाढ.

या विषयाकडे मी वळलो तो पुतण्यामुळे. तो खर्डीला असतो आणि पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीत 1600 मीटर धावावं लागतं. छाती न फुगवता 79 सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर आणखी 5. याची छाती उत्तम भरते. पण पोटही तिच्याशी स्पर्धा करतं, आणि ते न फुगवताच.

परवा शनिवारी कसारा लोकलने खर्डीला गेलो, तर ओटीवर एक अवाढव्य काळा डबा आणि शेजारी एक बाटली. डब्यात प्रथिनांची पावडर, बाटलीत चरबी जाळणाऱ्या गोळ्या. डबा साडेतीन हजारांचा, बाटली अठराशेची.

"काका, एकदम लेटेस्ट आहे," तो म्हणाला.

लेटेस्ट म्हटलं की माझ्यातला कारकून जुनी लेजरं काढतो. काढली.

पहिलं पान निघालं 1863 सालचं, लंडनचं. विल्यम बँटिंग हे गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा धंदा करीत. स्वतः इतके सुटले होते की वाकून बुटाची नाडी बांधता येईना. उंची पाच फूट पाच इंच, वजन 202 पौंड. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून बँटिंगसाहेब रोज सकाळी नदीत होडी वल्हवू लागले. दंड भरले, पण भूक अशी खवळली की वजन वाढतच गेलं. शेवटी हार्वे नावाच्या, खरं तर कानाच्या, डॉक्टरने पाव, साखर, बटाटा आणि बिअर तोडली, तेव्हा कुठे वर्षभरात 46 पौंड उतरले. साहेबांनी ही हकीकत छापली आणि पहिल्या प्रती चक्क फुकट वाटल्या. या धंद्यात ही चूक पुढे फारशी कोणी केली नाही.

दुसरं पान सँडोचं. बिनबाह्यांच्या गंजीला आपण अजून ज्याचं नाव देतो, तोच हा यूजीन सँडो. 1904-05 च्या सुमारास तो हिंदुस्थानात खेळ करून गेला. तो व्यायामाची साधनं विकायचा आणि प्लाझ्मॉन नावाच्या पावडरीची तारीफ करायचा. प्लाझ्मॉन म्हणजे मलई काढलेल्या दुधातलं प्रथिन, वाळवून कुटलेलं. म्हणजे पुतण्याच्या डब्याचे हे पणजोबाच की! मार्क ट्वेनसारख्या शहाण्या माणसाने प्लाझ्मॉनच्या कंपनीत पैसे घातले आणि बुडवून घेतले. त्याच्या ओळखीत एखादा बँकेचा कारकून नसावा.

तिसरं पान मात्र आपल्या घरचं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1897 साली सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि दहा वर्षं नेमाने त्यांवर मेहनत घेतली. मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून 1908 साली सूर्यनमस्कार धरले आणि साधनं सुटली. पुढच्याच वर्षी ते गादीवर आले आणि संस्थानातल्या शाळांतून पोरं नमस्कार घालू लागली. 1938 साली नमस्कारांवरचं त्यांचं पुस्तक लंडनला इंग्रजीत निघालं. ज्या गावाहून सँडोची पेटी आली, त्याच गावी उलट टपालाने नमस्कार गेले. स्प्रिंग नाही, डबा नाही. एक सतरंजी लागते, आणि पहाटे उठायची लाज वाटून चालत नाही.

"अहो काका, पण गोळ्यांचं काय?" पुतण्याने विचारलं.

त्याचंही पान आहे. 1933 साली अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल नावाचं औषध निघालं. मूळचं ते दारूगोळ्याच्या कारखान्यातलं रसायन. त्याने चरबी खरोखरच जळायची. अन्नातली शक्ती अंगाला न लागता नुसती उष्णता होऊन निघून जायची. पण मात्रा थोडी वर गेली की माणूसच आतून भाजून निघे. काही दगावले, काहींचे डोळे मोतीबिंदूने गेले. 1938 मध्ये कायद्याने ते बंद झालं. मग इफेड्राच्या गोळ्या आल्या. त्यांनी छातीत धडधड आणि पुढे झटके आणले. 2004 साली अमेरिकेने त्यांच्यावरही बंदी घातली. जाहिरातीतली वाक्यं मात्र दर वेळी तीच.

मी बाटली चष्म्याजवळ धरली. कोणता घटक किती, याच्या जागी नुसतं 'खास मिश्रण' असं लिहिलेलं.

"ज्या पावतीवर रक्कम नाही ती मी वीस वर्षांत पास केलेली नाही," मी म्हणालो. "तू गिळणार आहेस?"

तो काही बोलला नाही. बाटली मात्र खिशात घातली.

मग पाटावर बसून हिशोब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. सत्तर किलोचा माणूस 1600 मीटर धावला तर खर्च होतात जेमतेम शंभर-सव्वाशे. स्टेशनबाहेरचा एक वडापाव याच्या दुपटीहून जास्त जमा करतो. बँटिंगची होडी बुडाली ती इथेच. रोज पाचशे कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलो उतरतं, पुढे वेग मंदावतो. फक्त उपास केला तर चरबीबरोबर स्नायूही जातो. म्हणून व्यायाम सोडायचा नाही आणि प्रथिनं तोडायची नाहीत. प्रथिन डब्यातच असतं असं मात्र नाही. शंभर ग्रॅम कोरड्या वालात ते वीसेक ग्रॅम असतं, आणि भात काढल्यावर खाचरात वाल पेरायला खर्डीला कोणी शिकवावं लागत नाही. शिवाय अंडी आहेत, सुकट आहे. डब्यातलं ते व्हे म्हणजे तरी काय? चीज करताना उरणारं पाणी आटवून केलेली भुकटी. पनीर केल्यावर उरलेल्या तसल्याच पाण्यात वहिनी कणीक मळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही 2024 च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच सांगितलं आहे.

"म्हणजे मी रोज बिरडं करते ते लेटेस्ट म्हणायचं!" वहिनी आतून म्हणाल्या.

संध्याकाळी परत स्टेशनाकडे निघालो. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या दोन ठाकरणी मला मागे टाकून गेल्या, आणि माझ्या हातात तर नुसती छत्री होती. अंगणवाडी बंद होती. खिडकीतून वजनाचा काटा दिसला. त्या काट्यावर पोराचं पाव किलो वाढलं की सेविका हसते, आई हसते. आमच्या घरी तेच पाव किलो वाढलं की दोन दिवस कोणी बोलत नाही. एकाच तालुक्यातले हे दोन काटे, आणि गोळ्या विकणाऱ्याला दिसतो तो फक्त आमचा.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा पुतण्या ओटीवर नमस्कार घालत होता. बाटली कुठे गेली ते मी विचारलं नाही. काळा डबा रिकामा झाला होता आणि वहिनींनी त्यात नाचणीचं पीठ भरून ठेवलं होतं. झाकण घट्ट बसतं म्हणाल्या.