शोधग्राम : आपल्या शेजारचा इतिहास

स्मरणिकेसाठी विषय वाटले गेले तेव्हा ‘जिल्ह्यातलं समाजकार्य’ हा विषय मी मागून घेतला. माजी विद्यार्थी निधीतून गावांसाठी काय करावं, यावर आपल्या ग्रुपवर वर्षभर चर्चा चालू आहे. कुणाला रुग्णवाहिका हवी, कुणाला संगणक कक्ष, कुणाला ब्लँकेटवाटप. निर्णय मेळाव्याच्या सभेत व्हायचा आहे. त्याआधी आपल्याच जिल्ह्यातल्या एका संस्थेची गोष्ट सर्वांनी वाचावी, एवढाच या लेखाचा हेतू.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. चार वर्षांनी, 1986 मध्ये, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग इथे कामाला आले. अभय बंग वर्ध्याच्या गांधीविचाराच्या वातावरणात वाढलेले, तर राणीताई चंद्रपूरच्या. दोघांनी नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि नंतर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. सुरुवातीचं काम तेंदूपत्त्याच्या एका जुन्या गोदामात चालायचं. तेंदूपत्ता म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात अर्धा वर्ग पानं तोडायला जायचा.

सुरुवातीच्याच काळात त्यांनी आदिवासींमधल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. शास्त्र म्हणून तो महत्त्वाचा होता, पण लोकांना त्यात रस वाटला नाही. हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना सांगितलेलाच नव्हता. अभय बंग यांनी पुढे हा अनुभव अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे. यानंतर संस्थेची रीत बदलली. लोकांना काय दुखतं ते आधी विचारायचं, मग अभ्यास करायचा आणि निष्कर्ष त्यांच्यापुढे मांडायचे.

बायकांनी जे सांगितलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत राणीताईंनी 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि तोवर स्त्रियांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असंच मानणाऱ्या जगाला ते ऐकावं लागलं. आपल्या आया, मावश्या, काकवा जे पदराआड झाकून जगल्या, त्याला पहिल्यांदा आकडा मिळाला.

दवाखान्याचंही तसंच. तुम्ही दवाखान्यात का येत नाही, असं आदिवासींना विचारलं. उत्तरं साधी होती. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण आपल्याकडे पांढरं कापड मेलेल्याला गुंडाळतात. मोठ्या इमारतीत माणूस हरवतो. नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. आणि तिथे देव नसतो. म्हणून धानोरा मार्गावर चातगावजवळ ‘शोधग्राम’ उभं राहिलं तेव्हा दवाखाना गावासारखा बांधला गेला. रुग्णासोबत घरच्यांना राहता येईल अशा झोपड्या केल्या आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती श्वास मोजायच्या साधनाची हकीकत. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे बाळाचा श्वास एका मिनिटात किती वेळा होतो. पण गावातल्या सुइणीला पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं आणि तिच्याकडे घड्याळही नव्हतं. मग एक लाकडी पाटी तयार केली. तिच्यावर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून त्याच्यासाठी मण्यांची वेगळी ओळ.

मी वीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. वापरणाऱ्या माणसाला काय येतं ते आधी पाहा आणि मग यंत्र बनवा, हे आम्हाला मोठमोठ्या प्रशिक्षणांत शिकवतात. तेच ही मण्यांची पाटी एका दृष्टिक्षेपात सांगते. आणि तिचा परिणाम मोजलेला आहे. 58 गावांत गावातल्याच माणसांनी न्यूमोनियावर उपचार केले आणि 44 गावांशी तुलना केली. वर्षभरानंतर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू उपचाराच्या गावांत हजारी 8.1 होते, तर इतर गावांत 17.5.

दारूचा प्रश्नही बायकांनीच पुढे आणला. गावोगाव सभा झाल्या, ठराव झाले, मोर्चे निघाले. 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. आपण तेव्हा आठवीत होतो. चोरून दारू येतच राहिली, हेही आपण पाहिलं आहे. पण लोकांनी मागून सरकारकडून घेतलेला तो निर्णय होता, हे विसरता येत नाही.

यानंतरचं काम नवजात बाळांचं. आपण दहावीची परीक्षा दिली त्या 1995 मध्ये 39 गावांत ते सुरू झालं. थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बाईला निवडायचं. तिने बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, ते उबेत ठेवायचं, आईला अंगावर पाजायला मदत करायची. बाळ श्वास घेत नसेल तर तो सुरू करायचा आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही द्यायचं. खेड्यातल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, ही कल्पनाच तेव्हा धाडसाची होती. या गावांत आधी जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी सुमारे 62 बाळं पहिल्या महिन्यात दगावत. तीन वर्षांत हा आकडा 25 च्या आसपास आला.

हे आकडे मी वाचते तेव्हा मला माझा भाऊ आठवतो. माझ्याआधी आईला मुलगा झाला होता. थंडीचे दिवस होते. आठव्या दिवशी तो गेला. बारसंच झालं नव्हतं, म्हणून त्याला नाव नाही. कोणत्याच कागदावर त्याचा जन्म नाही आणि मृत्यूही नाही. आई त्याच्याबद्दल बोलताना फक्त ‘तो’ म्हणते. आपल्या वर्गात अशा घरांची संख्या किती असेल, हे आपण कधी एकमेकांना विचारलं नाही. ‘सर्च’ने घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू नोंदवायला सुरुवात केली, याचं मोल मला म्हणून फार वाटतं. ज्याची नोंद होत नाही, त्याच्यासाठी औषधही येत नाही.

पुढे हे काम जिल्ह्याबाहेर गेलं. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत 2011 मध्ये देशाच्या सरकारी कार्यक्रमात आली. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, बाळाला तोलतात, अंगाला हात लावून ताप पाहतात, त्यामागे आपल्या जिल्ह्यातल्या 39 गावांतल्या बायकांचे कष्ट आहेत. बंग दांपत्याला 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या बायकांची नावं मात्र फार थोड्यांना ठाऊक असतील.

आता आपल्या निधीबद्दल. माझी सूचना अशी की सभेत वस्तू ठरवू नये. शाळेत ज्या गावांतून मुलं येतात त्यांपैकी तीन गावं निवडावी. जिल्ह्यात राहणाऱ्या मित्रमैत्रिणींनी तिथल्या बायकांशी, आशाताईंशी, शाळेतल्या मुलांशी बसून बोलावं. त्या काय सांगतात ते लिहून आणावं, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा सभा घ्यावी. नोंदी ठेवायचं आणि आकडे मांडायचं काम मी करीन. गावांनी रुग्णवाहिकाच मागितली तर रुग्णवाहिकाच घेऊ. पण मागणी त्यांची असू दे.