चुकलेल्या शिरेचा शोध

कामगारांच्या सभांतून आम्ही ‘काळीज’ हा शब्द पुष्कळ वेळा उच्चारला आहे. आज त्या शब्दामागच्या अवयवाविषयी, यकृताविषयी बोलावयाचे आहे.

आतड्यांतून व प्लीहेतून निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. प्रवेशिका नीला ही शीर ते आधी यकृतात नेते. तेथे अमोनियासारखी विषे निवळतात. मानपाड्याच्या फिटरबंधूंना हे सांगावयास नको : गाळणीची टाकी टाळून बायपास लाइन उघडी राहिली, तर गढूळ पाणीच पुढे जाणार. क्वचित एखाद्याच्या शरीरात असा बायपास जन्मतःच असतो.

1793 साली लंडनचे शल्यवैद्य जॉन अ‍ॅबरनेथी यांनी दहा महिन्यांच्या एका मृत मुलीच्या शरीरात ही शीर यकृताला वगळून थेट अधोमहानीलेस मिळालेली असल्याचे नोंदविले. ज्ञान मिळाले, पण मृत्यूनंतर!

1895 साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. त्यांत हाडे दिसली, शिरा मात्र दिसेनात. त्या दिसण्यासाठी 1950 नंतर प्लीहेत सुई घालून औषध सोडीत व चित्र घेत; जोखीम मोठी होती. पुढे ध्वनिलहरींनी वाहत्या रक्ताची दिशा सुईविना कळू लागली. 1971 साली, ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीतील इंजिनियर गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या गृहस्थांना 1979 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, याचे आम्हांस विशेष अगत्य वाटते.

नुसता बायपास दिसून भागत नाही. 1994 साली मॉर्गन व सुपेरिना यांनी त्याचे दोन प्रकार पाडले : यकृताकडे रक्त मुळीच न जाणारा, आणि थोडे तरी जाणारा. दुसऱ्यात आडवाट बंद करता येते. पहिल्यात ती एकदम बंद केली, तर तुंबलेले रक्त जाणार कोठे? कधी यकृतातील शिरा इतक्या बारीक असतात की चित्रात दिसतच नाहीत. म्हणून आडवाट फुग्याने क्षणभर रोखून पुन्हा चित्र घेतात. उपचाराचा निर्णय त्या चित्रावर ठरतो.

अशा माणसाला गुंगी येते, बुद्धी चालेनाशी होते. पाळीवर पेंगणारा प्रत्येक जण असा रोगी नव्हे, हे खरे. पण ठपका ठेवण्यापूर्वी तपासणी व्हावी की नको? 1948 च्या राज्य विमा कायद्याने आजारी कामगाराचा उपचाराचा हक्क मानला. अ‍ॅबरनेथींना जे मृत्यूनंतर दिसले, ते आज जिवंतपणी दिसू शकते. ते कामगाराच्या मुलालाही वेळेवर मिळावे, एवढेच आमचे मागणे आहे.