निपुण भारत अभियान

निपुण भारत अभियान हे इयत्ता तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचन, लेखन आणि मूलभूत गणिती क्रिया करता याव्यात, या उद्दिष्टाने भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने सुरू केलेले राष्ट्रीय अभियान आहे. तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री रमेश पोखरियाल ‘निशंक’ यांच्या हस्ते ५ जुलै २०२१ रोजी त्याचा प्रारंभ झाला. ‘निपुण’ हे नाव ‘नॅशनल इनिशिएटिव्ह फॉर प्रोफिशिअन्सी इन रीडिंग विथ अंडरस्टँडिंग अँड न्यूमरसी’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून घेतले आहे. उद्दिष्टपूर्तीसाठी २०२६-२७ हे शैक्षणिक वर्ष निश्चित करण्यात आले. समग्र शिक्षा या योजनेअंतर्गत राष्ट्र, राज्य, जिल्हा, तालुका व शाळा अशा पाच स्तरांवर अभियान राबविले जाते.

पार्श्वभूमी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याचा भर प्रामुख्याने प्रवेश, शाळेतील भौतिक सुविधा आणि शिक्षकसंख्या यांवर होता. कोणत्या इयत्तेत मुलाला काय यावे, हे त्यात नमूद नव्हते. २०१७ मध्ये कायद्याच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती करून इयत्तानिहाय व विषयनिहाय अध्ययन निष्पत्तींचा समावेश करण्यात आला.

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक स्तरावरील पाच कोटींहून अधिक मुलांना साधा मजकूर वाचता व समजता येत नसल्याचा आणि साधी बेरीज-वजाबाकी करता येत नसल्याचा अंदाज नोंदविला. पायाभूत साक्षरता साध्य झाली नाही, तर धोरणातील उर्वरित तरतुदी बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी निरर्थक ठरतील, अशी भूमिका त्यात घेतली आहे. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते आणि त्यानंतर वाचून शिकते, हे यामागील सूत्र आहे. चौथीपासून परिसर अभ्यासापासून गणितातील शाब्दिक उदाहरणांपर्यंत सर्वच विषय वाचनावर अवलंबून असल्याने मागे राहिलेले मूल पुढे सर्व विषयांत मागे पडत जाते.

वाचनाचे निकष

अभियानात वाचनाची पुढील लक्ष्ये ठरविण्यात आली आहेत :

- बालवाटिका : अक्षरे व त्यांचे ध्वनी ओळखणे, दोन ते तीन अक्षरी सोपे शब्द वाचणे.
- इयत्ता पहिली : वयानुरूप अपरिचित मजकुरातील किमान ४ ते ५ सोप्या शब्दांची छोटी वाक्ये वाचणे.
- इयत्ता दुसरी : मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने ओघवते वाचन.
- इयत्ता तिसरी : मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने अर्थ समजून वाचन.

मजकूर अपरिचित असावा, ही अट महत्त्वाची आहे. पाठ्यपुस्तकातील धडा ऐकून पाठ झालेले मूल तो घडाघडा म्हणून दाखवते. परंतु त्यावरून त्याला वाचता येते असे सिद्ध होत नाही. गतीचा संबंधही आकलनाशी आहे. एकेक अक्षर जुळविण्यातच लक्ष खर्ची पडले, तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचे शब्द स्मरणातून निसटतात.

अध्यापनाची दिशा

मार्गदर्शक सूचनांनुसार वाचनशिक्षणात मौखिक भाषाविकास, ध्वनींची जाण, लिपीचे वाचन, शब्दसंपत्ती, ओघवते वाचन, आकलन आणि लेखन यांचा समावेश होतो. शाळेत नव्याने येणाऱ्या मुलांसाठी ‘विद्या प्रवेश’ हा तीन महिन्यांचा खेळाधारित पूर्वतयारी कार्यक्रम २०२१ मध्ये सुरू करण्यात आला. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ‘निष्ठा’ कार्यक्रम आणि ‘दीक्षा’ हे संकेतस्थळ वापरले जाते.

मराठी वाचनाची वैशिष्ट्ये

देवनागरीत वाचनाचे एकक सुटा ध्वनी नसून अक्षर आहे. व्यंजनात ‘अ’ अंतर्भूत असतो आणि मात्रा लागताच तो बदलतो. त्यामुळे मुळाक्षरे ओळखणाऱ्या मुलाला स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे स्वतंत्रपणे शिकावी लागतात. ‘कि’ मधील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो; ‘कर्म’ मधील रफार ‘म’वर दिसतो, पण ‘र्’ आधी उच्चारला जातो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ एकाच चिन्हाने लिहिला जात असला, तरी त्याचे उच्चार भिन्न आहेत.

मुळाक्षरे आणि संपूर्ण बाराखडी पाठ झाल्यावरच शब्दांकडे वळण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. तिला पर्याय म्हणून वर्णमालेचा क्रम सोडून काही अक्षरे व मात्रांचा छोटा गट आधी शिकविला जातो आणि त्यांपासून अर्थपूर्ण शब्द तयार केले जातात. मराठीतील प्रारंभिक साक्षरतेवर फलटण येथील प्रगत शिक्षण संस्थेच्या मॅक्सीन बर्नसन यांनी प्रदीर्घ काम केले आहे.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी

राज्यात हे अभियान ‘निपुण महाराष्ट्र’ या नावाने राबविले जाते. त्याची शैक्षणिक बाजू पुणे येथील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद सांभाळते. २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी उपक्रमात शाळाशाळांत मेळावे भरविण्यात आले आणि वस्तीपातळीवर मातांचे गट स्थापन करण्यात आले. मार्च २०२५ मध्ये शासनाने दुसरी ते पाचवीच्या विद्यार्थ्यांसाठी कालबद्ध कृती कार्यक्रम जाहीर केला. ग्रामस्थांसमोर मुलांनी वाचून दाखविण्याचा ‘चावडी वाचन’ हा उपक्रमही राज्यात राबविला जातो.

मूल्यमापन

मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पायाभूत अध्ययन सर्वेक्षण केले. त्यात सुमारे १०,००० शाळांतील सुमारे ८६,००० तिसरीच्या विद्यार्थ्यांची २० भाषांत वैयक्तिक चाचणी घेण्यात आली. या सर्वेक्षणाने वाचनगतीचे मापदंड भाषानिहाय स्वतंत्रपणे निश्चित केले.

स्वयंसेवी क्षेत्रातील ‘असर’ अहवालांनुसार, ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या आणि दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होते. महासाथीच्या काळातील घसरण भरून निघाली असली, तरी तीन चतुर्थांशांहून अधिक मुले या पातळीपर्यंत पोहोचलेली नाहीत.

आक्षेप आणि मर्यादा

मिनिटाला ६० शब्द हा निकष सर्व भाषांना सारखा लावता येत नाही, हा त्यावरील प्रमुख आक्षेप आहे. हिंदीत तीन शब्दांत लिहिले जाणारे ‘पेड़ के नीचे’ मराठीत ‘झाडाखाली’ या एकाच शब्दात येते. द्राविडी भाषांत शब्द आणखी लांब असू शकतात. म्हणून समान शब्दसंख्या म्हणजे समान वाचनक्षमता, असा निष्कर्ष काढता येत नाही. गती सहज मोजता येते, आकलन तितक्या सहज मोजता येत नाही. परिणामी वर्गात वेगाचाच सराव होण्याचा धोका संभवतो.

दुसरी अडचण घरच्या भाषेची आहे. मेळघाटातील कोरकू, नंदुरबारमधील भिली किंवा गडचिरोलीतील गोंडी व माडिया बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठी आणि तिची लिपी एकाच वेळी शिकावी लागते. धोरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस आहे. मात्र त्या भाषा जाणणारे शिक्षक आणि वाचनसाहित्य यांवाचून ती प्रत्यक्षात येऊ शकत नाही. एकाच शिक्षकाने अनेक इयत्ता सांभाळायच्या शाळांत प्रत्येक मुलाचे वाचन स्वतंत्रपणे ऐकणेही कठीण जाते.

अन्य देशांतील निकष

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या वर्गातील मुलांची ४० शब्दांची ध्वनिवाचन चाचणी घेतली जाते. पाठांतराचा उपयोग होऊ नये म्हणून त्यांतील निम्मे शब्द अर्थहीन असतात. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने २०१३ च्या कायद्याने तिसरीतून पुढे जाण्यासाठी वाचनचाचणी आवश्यक केली. निपुण भारतच्या लक्ष्यांना अशी उत्तीर्णतेची अट जोडलेली नाही. लक्ष्य गाठण्याची जबाबदारी मुलावर नसून शिक्षणव्यवस्थेवर टाकण्यात आली आहे.

हेही पहा

- राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०
- समग्र शिक्षा
- देवनागरी